शेजाऱ्यांनी साफ केलेलं रान

— नाही नाही, 'आनंदाश्रू' नको लिहूस. डोळ्यांत पाणी आलं एवढंच लिही — आलंच होतं, खोटं कशाला बोलू — पण कसलं पाणी ते तुझा पेपर वाचणाऱ्यांनी ठरवावं. आणि उभ्याउभ्या काय लिहितेस गं? त्या मांजराला ढकल खाली आणि बस. ढकल, काही करत नाही, आळशी आहे. मीच उठले असते, पण खुब्याचं हाड नवीन बसवलंय ना, ह्या खुर्चीत एकदा टेकले की दुसऱ्याने उठवेपर्यंत मी हिचीच. चांगली आहे की नाही खुर्ची? पाय वर होतात, पाठ मागे जाते. दोनदा कापड बदललं, पण सांगाडा तोच. हिची पण गंमत आहे — माझ्या बापाचा जुना कल्टिव्हेटर होता, ट्रॅक्टरमागे जोडून रान उकरायचा, लाल, लांबलचक, तो ओरेस्टने भंगारवाल्याला विकला आणि त्या पैशात ही माझ्यासाठी आणली. 'नेटी,' म्हणाला, 'आता रानालाही आराम आणि तुलाही.' नवरा माझा बोलतो कमी, पण एखादं वाक्य असं बोलतो ना! घे, तो खसखशीचा रोल घे. शेजारच्या वॉली प्रोकोपच्या बायकोने पाठवलाय. फ्रीज नुसता भरलाय बघ, पिरोगी काय, कोबीचे रोल काय, आम्ही दोन म्हातारी माणसं, किती खाणार?

तर लिही. सप्टेंबरात, ऐन कापणीत, मी धान्याच्या कोठीवर चढले होते. शिडीची वरची पायरी ओली, सटकले. ओरेस्ट खाली होता म्हणून वाचले, नाहीतर तिथेच पडून राहिले असते कोल्ह्यांना. शहरातल्या हॉस्पिटलात नेलं — आणि इकडे गहू उभा, मसूर आडवी, आभाळ भरून आलेलं. मग काय? आपल्याकडे काय होतं ते तुला सांगायला नको, तू इथलीच. वॉलीने चार फोन फिरवले, आणि शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणात अख्खा गाव. हार्वेस्टर, ट्रक, टँकर. ज्यांचं स्वतःचं पीक उभं होतं तेही आले. बायकांनी शेडमध्ये जेवण मांडलं. एका दिवसात सगळं पीक कोठीत! हे मोठ्या अक्षरांत लिही, ह्याचे आभार मी मनापासून मानते, मरेपर्यंत मानीन. आणि आम्हीही काही नुसते घेणारे नाही हां, तेही लिही. ओरेस्ट दर ऑक्टोबरात दोन-तीन दिवस वॉलीकडे जातो मदतीला. एक वर्ष चुकवलं नाही. सकाळी डबा घेऊन जातो, अंधार पडला की येतो — शीळ घालत येतो. एरवी शीळबीळ काही नाही हो, पण लोकांच्या मदतीला जाऊन आला की कसा खुलतो. असा आहे तो.

पुढचं? पुढचं लिहायचं नाही. पेन ठेव खाली. ठेवलंस? — आता त्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरव. फिरव गं, लाजतेस काय. बघ बोट. काळं झालं ना? सकाळी ओरेस्टने पुसलंय ते. सत्तावीस वर्षं त्या कट्ट्यावर धूळ बसली नव्हती पोरी. आता पडदा सार आणि बाहेर बघ. कसं दिसतं? काळंभोर. गुळगुळीत. एक काडी नाही दिसायची. वॉली काय म्हणाला माहितीये? मला हॉस्पिटलातून आणलं त्या दिवशी फुलं घेऊन आला, आणि म्हणाला, 'नेटी, आता वसंतात तुला काही बघायला नको. साफ करून दिलंय रान, अगदी तुझ्या बापाच्या वेळेसारखं!' आणि उभा राहिला, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी काय म्हणणार? म्हटलं, थँक्यू वॉली. झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बापाच्या वेळेसारखं! बापाच्या वेळेचं मला नको सांगू. माझ्या बापाचं रान म्हणजे काळा आरसा, त्याची इभ्रत होती ती — रविवारी चर्चला जाताना गाडी हळू करायचा, लोकांनी बघावं म्हणून. आणि मग तो दुष्काळ आला, अठ्ठ्याऐंशीचा. भर दुपारी घरात दिवा लावायला लागायचा. पाळण्यावर मी ओला पंचा टाकायची, पोराच्या नाकात माती जाऊ नये म्हणून, आणि संध्याकाळी तो पंचा पिळला की काळं पाणी. पश्चिमेचं कुंपण मातीत गाडलं गेलं, वरच्या तारेवरून गाई चालत गेल्या — खोटं वाटतं? ओरेस्टला विचार. आमची माती शेजारच्या तालुक्यात गेली, आणि बाप ओट्यावर बसून बघत राहिला. मग पुढे रान माझ्या हातात आलं तेव्हा मी म्हटलं, बस. आता फाळ नाही. ओरेस्टला मी अंगणात उभं करून विचारलं, आहेस माझ्याबरोबर? तो म्हणाला, आहे. धसकटं तशीच ठेवायची, काड तशीच पसरायची, त्यातूनच बारीक चीर पाडून बी टाकायचं, बास. रान उकरायचंच नाही. गावात सकाळी कॉफीच्या टेबलावर जमतात ना, हसून हसून मेले सगळे. 'नेटी, रान विंचरायला विसरलीस का?' — 'नेटीच्या झिंज्या' हे नावच पडलं ह्या रानाला. आजही म्हणतात, नेटीच्या झिंज्यांपासून उजवीकडे वळा. वळतात लोक, बरोबर पोचतात.

त्या झिंज्यांनी काय केलं ते मी सांगते. हिवाळ्यात उघड्या रानावरून बर्फ उडून जातो, माझ्या धसकटांत तो अडकून बसायचा. वसंतात तो तिथेच वितळायचा, तिथेच मुरायचा. पहिली काही वर्षं काही दिसलं नाही, मी रडायचीच बाकी होते. मग एका वर्षी कुदळ मारली तर आवाज बदललेला. आधी टण्ण व्हायचं, आता गप्पकन आत. ढेकूळ हातात घेतलं तर चाळणीसारखं — मुळांच्या जुन्या वाटा, गांडुळांच्या वाटा, पाणी त्या वाटांनी खाली जायचं. आणि वास! — तू हसशील, पण मी मूठभर माती घरात आणून ओरेस्टच्या नाकाला लावली. आणि परवाच्या उन्हाळ्यात बघितलंस ना, किती लोकांचा गहू वीतभर होऊन जळला? वॉलीचा जळला. माझा गुडघ्याच्या वर होता. तो कुंपणापाशी येऊन नुसता उभा राहायचा संध्याकाळी. काही विचारायचा नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी, ह्यात काय गुपित आहे? पण नाही. विचारायला लाज वाटते, आणि माझी चूक सुधारून द्यायला मात्र ट्रॅक्टर घेऊन हजर!

कृषी खात्याचा तो पोरगा आला होता, चांगला आहे, म्हणाला, 'मावशी, एकदाच तर झालंय, एवढं काही नुकसान नाही, पुन्हा बसेल घडी.' एकदाच! मी म्हटलं, बाबा, तुझं लग्न झालंय का? नाही म्हणाला. मग झाल्यावर ये, म्हटलं, आणि मग मला हे 'एकदाच' सांग. त्या वाटा मोडल्या, गांडुळं चिरली, मातीच्या आत जे जे लपून होतं ते सगळं उघड्यावर आलं. आता हिवाळा यायचाय. बर्फाला धरायला एक काडी नाही. पश्चिमेचा वारा सुटला की जे सत्तावीस वर्षांत जमवलं ते चाललं. मी आता पासष्टीच्या पुढे. पुन्हा घडी बसेल तेव्हा मी कुठे असेन? ह्या खुर्चीत तरी असेन का?

आणि तक्रार कोणाकडे करू? ज्यांनी माझं पीक वाचवलं, त्यांनीच हे केलं. रागावले तर कृतघ्न. चर्चमधल्या बायका जवळ येऊन हात धरतात, 'किती सुंदर दिसतंय गं रान आता!' मी म्हणते हो. एक ओरेस्टच काय तो — त्याच्यापुढेच मला बोलता येतं. त्याला कळतं, कारण ते जितकं माझं तितकंच त्याचं. तो नव्हता गं त्या वेळी, तीच तर दुर्दैवाची गोष्ट. शुक्रवारी कापणी झाली. शनिवारी सकाळी तो माझ्याकडे आला हॉस्पिटलात, निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून, मीच घेतलेला नाताळात. दाराशी नर्सने त्याच्या खिशावर तो पिवळा स्टिकर चिकटवला, भेटीला येणाऱ्यांना लावतात तो. मी म्हटलं, वा, आज मेडल मिळालं तुला. जेवणापर्यंत बसला, मग म्हणाला, कुत्रं एकटं आहे, निघतो. दोन तासांचा रस्ता. घरी पोचला तोवर वॉली आणि मंडळींनी सगळं रान उकरून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी आला तो टोपी हातात घेऊन. खाटेच्या कडेला बसला. 'नेटी, पश्चिमेचं रान…' आणि रडायला लागला. ओरेस्ट! त्याची आई गेली तेव्हा नाही रडला तो. मीच त्याला जवळ घेतलं, ह्या मोडक्या खुब्याने कुशीवर वळून. म्हटलं, वेड्या, तू काय करणार होतास, तू तिथे नव्हतास. वॉलीने चांगल्या मनाने केलं, म्हटलं. नवऱ्याची समजूत काढता काढता माझं रडायचं राहूनच गेलं.

असो. तू फोटोचं काय म्हणत होतीस? थँक्सगिव्हिंगच्या अंकात मोठा छापायचाय ना? तू आली होतीस दोन्ही दिवस? बरं केलंस. दाखव. — चष्मा दे तो. हं. ही बायकांची पंगत, छान आलीय, वॉलीची बायको नेहमीसारखी डोळे मिटून. हे हार्वेस्टर ओळीने. पुढे कर. हा कोण, लोकांनी उचलून धरलाय — अच्छा, ट्रकवाला. पुढे. — हे शनिवारचं. नको, हे मला नाही बघवत. कर पुढे, पटपट कर. — थांब. मागे घे. एक मागे. हा.

मोठा होतो का हा? कर मोठा. बोटांनी करतात ना, कर. — नाही, तो मधला ट्रॅक्टर नको, मधल्यावर वॉलीच आहे. त्याच्या उजवीकडचा. ट्रॅक्टरच्या मागे काय जोडलंय ते दाखव. लाल. — ती दांडी दाखव, जोडाची. — कर्स्टन, हा जोड बघतेस? वाकडातिकडा, एका बाजूला गोळा आलेला? हा मी मारलाय. लग्नाच्या पहिल्या वर्षी वेल्डिंग शिकत होते, बाप म्हणाला होता, असला जोड आंधळाही मारणार नाही. हा आमचा कल्टिव्हेटर आहे. माझ्या बापाचा. हा भंगारात गेला. सत्तावीस वर्षांपूर्वी गेला हा, ह्याचीच तर ही खुर्ची — कुठून आला हा? तू बघितलंस का आणताना? — वॉलीच्या झाडीतून? पॉपलरच्या मागे शेड आहे त्यातून? — आणि गंज नाही कुठे. बघ ना, एक ठिपका नाही. फाळ कसे चमकतायत. पडून राहिलेल्या अवजाराचे फाळ असे नसतात पोरी. हे दरवर्षी मातीत जाणारे फाळ आहेत, दरवर्षी ग्रीस लावून ठेवलेले.

वर कर जरा. चालवणारा. — हो, ओळखलं मी. मला कशाला सांगतेस कोण आहे ते. निळ्या चौकड्या. आणि खिशावर पिवळं. काढायलाही वेळ झाला नाही बघ, माझ्याकडून थेट तिथे. आणि मागे — मागे रान अर्धं पिवळं आहे की नाही अजून? माझ्या डोळ्यांनी नको, तुझ्या तरुण डोळ्यांनी सांग. अर्धं आहे ना? म्हणजे अर्धं वाचलं असतं. नुसता हात वर केला असता, थांबा म्हणाला असता, तर अर्धं रान वाचलं असतं. आणि किती हसतोय. सगळे दात दिसतायत. लग्नाच्या फोटोत नाही गं हसलेला असा. मी त्याच्याशी चाळीस वर्षं संसार केला आणि हे हसू मी आज तुझ्या फोनवर बघतेय.

नको, पाणी नको. — दर ऑक्टोबरात दोन-तीन दिवस. मदतीला. डबा मी भरून द्यायची त्याला! उकडलेली अंडी, लोणचं, थर्मास. आणि आला की शीळ. कपड्यांना ताज्या उकरलेल्या मातीचा वास यायचा, ते मी धुवायची, म्हणायची, वॉलीचं रान असंच आहे, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय. बिचारी कोण ते आता कळतंय. दुसरी बाई असती ना, तर मी तिच्या झिंज्या धरून अंगणात आणली असती, मोकळी झाले असते. ह्या लोखंडाशी काय भांडू? आणि एकट्याचं असतं तरी ठीक. वॉलीला ठाऊक. वॉलीच्या बायकोला ठाऊक — तिच्याच अंगणात तर होता. कॉफीच्या टेबलाला ठाऊक. सगळा गाव माझ्याकडे बघून हसत होता तो धसकटांना नव्हे, मला! मी तावातावाने त्यांना मातीच्या वाटा समजावून सांगायची आणि ओरेस्ट माझ्या शेजारी बसून मान डोलवायचा. आणि ते सगळे त्याच्याकडे बघायचे. कसं हसू दाबत असतील! केसाने गळा कापला गं माझा. मला एकदा म्हणायचं होतं त्याने — नेटी, मला नाही जमत, मला नाही पटत, मला ते काळं रान आवडतं. मी भांडले असते, आठवडाभर बोलले नसते, पण कळलं असतं मला. अंगणात उभं करून विचारलं होतं मी. आहे म्हणाला होता.

आणि रडला तो? ते कसलं रडणं होतं? — तू नको सांगूस, तुझ्या वयाला नाही सांगता येणार.

मग ही खुर्ची कुठून आली? कल्टिव्हेटर विकलाच नाही, तर ही कशातून आली? — हात दे. हात दे मला. असा नको, काखेत धर. मला उठव इथून. दुखू दे, दुखलं तर दुखलं. सरळ वर ओढ. — आई गं. — सोडू नकोस. तो वॉकर सरकव इकडे, पायाने सरकव. हं. सोड आता. उभी आहे मी.

गाडी आली वाटतं. त्याचीच आहे, सायलेन्सर फुटलाय कधीचा. औषधं आणायला गेला होता माझी. — तू आवर आता. तो रोल घे कागदात, सगळा घे, मला नको तो घरात. फोटो? हाच छाप. पहिल्या पानावर, मोठा. स्टिकर दिसू दे. खाली काय लिहायचं? जे ठरलंय तेच. 'नेटी ह्रिंकिव आणि कुटुंब सर्व शेजाऱ्यांचे मनापासून आभारी आहेत.' — थांब. 'आणि कुटुंब' काढून टाक. नुसतं नेटी लिही.

मागच्या दाराने जा. त्याला काही बोलू नकोस, ते माझं आहे. जा गं पोरी, रडतेस काय, तुझं काय गेलंय त्यात. दार लोटून घे. — ऐकू येतंय का? पायपुसण्यावर पाय पुसतोय. बघ किती वेळ पुसतोय. एवढी वर्षं कधी लागलं नव्हतं पुसायला. जा तू.

— पुरे झाले पुसून, ओरेस्ट. ये आत.